सुटकेनंतरची वाट

काशीचे नाव मराठी माणसाला कधीच परके वाटले नाही. गंगेच्या काठाने चालू लागले, की शिंदे घाट, भोसले घाट, अहिल्याबाई घाट अशी नावे आपल्या इतिहासाची आठवण करून देतात. ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत आलेली आहेत. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात उभारले, हे तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. आपल्या वाडवडिलांच्या लेखी काशी हे मुक्तीचे क्षेत्र. देह तेथे पडला, तर पुन्हा जन्म नाही, अशी त्यांची श्रद्धा.

परंतु मुक्ती या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे, आणि तो याच देहातला व याच जन्मातला आहे. ज्या मुलाला किंवा मुलीला कोणी पैसे मोजून विकत घेतले, ज्याच्या श्रमावर अथवा शरीरावर दुसऱ्याने मालकी सांगितली, त्याची त्या मालकीतून सुटका होणे, ही ती मुक्ती होय. या अर्थाने वाराणसी आज आपल्याला बरेच काही शिकवते. तेथे हा व्यापार कसा चालला, न्यायालयांनी त्याबाबत काय सांगितले, आणि सुटका झाल्यावर त्या माणसाची खरी परीक्षा कोठे सुरू होते, याचा थोडक्यात विचार करावा, असे मी योजिले आहे.

प्रारंभ अगदी अलीकडच्या एका प्रकरणापासून करू. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाराणसीतील मुलांच्या चोरीसंबंधी एक महत्त्वाचा निर्णय दिला. प्रकरण २०२३ सालचे होते. रस्त्याच्या कडेला संसार मांडून राहणाऱ्या, मोलमजुरीवर पोट भरणाऱ्या कुटुंबांतील लहान मुले पळवली जात होती. आईबापांच्या कुशीत झोपलेले मूल रात्रीतून नाहीसे होई, आणि त्यानंतर हातोहात विकले जाऊन पश्चिम बंगाल, झारखंड, राजस्थान अशा दूरच्या प्रांतांत पोहोचे. पोलिसांनी टोळी पकडली, काही मुले परत मिळाली. पण पुढे आरोपी जामिनावर सुटले. त्या जामिनाविरुद्ध राज्याने वरच्या न्यायालयात जावयास हवे होते. तेथे गेली ती मुलांची माणसे, ज्यांना धड छप्परही नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने तेरा आरोपींचा जामीन रद्द केला, आणि शासनाच्या व खालच्या न्यायालयाच्या शैथिल्याबद्दल कठोर शब्द वापरले. दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी देण्याची साधी अटदेखील जामीन देताना घातली गेली नव्हती. परिणामी आरोपी कोठे आहेत, याचाही पत्ता राहिला नाही.

या निकालातील दोन गोष्टी मनात घर करून राहतात. एका आरोपीला मुलाची हौस होती. त्याने चार लाख रुपये देऊन एक मुलगा मिळवला होता. मूल चोरीचे आहे, हे त्याला माहीत होते, असे न्यायालयाने म्हटले. अपत्याची ओढ कितीही खरी असली, तरी दुसऱ्याच्या पाळण्यातून उचललेले मूल तिचे समाधान करू शकत नाही. ज्यांना मूल हवे आहे, त्यांच्यासाठी कायद्याने दत्तकाची वाट मोकळी ठेवली आहे. ती लांबची असेल, पण ती सरळ आहे. दुसरी गोष्ट आज्ञांची. या खटल्यांची सुनावणी सहा महिन्यांत संपवावी, पीडित कुटुंबांना संरक्षण द्यावे, परत मिळालेल्या मुलांना शिक्षणहक्काच्या कायद्यानुसार शाळेत घालावे, एखाद्या रुग्णालयातून नवजात अर्भकाची चोरी झाल्यास त्या रुग्णालयाचा परवाना तत्काळ निलंबित करावा, अशा आज्ञा न्यायालयाने दिल्या. मुलाला शाळेत घालण्याची गोष्ट फौजदारी निकालात यावी, हे लक्षात घेण्यासारखे आहे. न्याय केवळ गुन्हेगाराच्या शिक्षेने पुरा होत नाही, मुलाचे बालपण त्याला परत मिळाल्यानेच तो पुरा होतो, हा त्यामागील विचार आहे.

आता माणसांचा व्यापार म्हणजे नेमके काय, हे पाहू. पुष्कळांची अशी समजूत असते, की यात मुलांना गुंगीचे औषध देऊन, तोंडात बोळा कोंबून पळवले जाते. वाराणसीच्या प्रकरणात चोरी झाली हे खरे. पण बहुसंख्य मुले अशी पळवली जात नाहीत. ती आपल्या पायांनी चालत जातात, आणि त्यांच्या हाताला धरून नेणारे माणूस ओळखीचेच असते. म्हणून कायद्याने या गुन्ह्याची व्याख्या विचारपूर्वक केली आहे. एखाद्या माणसाला भरती करणे, नेणे, ठेवून घेणे किंवा दुसऱ्याच्या हवाली करणे, ही झाली कृती. धाक, जबरदस्ती, फसवणूक, पैशाचे आमिष किंवा सत्तेचा दुरुपयोग, हे झाले साधन. आणि शोषण, हा झाला हेतू. २००० सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात ही त्रिसूत्री मांडली गेली. २०१३ साली ती आपल्या दंडविधानात आली. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या १४३व्या कलमात आहे. त्या कलमानुसार पीडिताची संमती होती, हा बचाव मुळीच चालत नाही. अल्पवयीनाच्या व्यापारास किमान दहा वर्षे आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. एकाहून अधिक अल्पवयीनांचा व्यापार केल्यास ही किमान मर्यादा चौदा वर्षांची होते.

या कायद्याचे मूळ त्याहून जुने आणि अधिक भक्कम आहे. आपल्या राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार या दोहोंना बंदी घातली. ही बंदी केवळ शासनाला लागू नाही. सावकार, मालक, दलाल अशा प्रत्येक खाजगी व्यक्तीलाही ती लागू आहे. त्यापुढील २४व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यांत, खाणींत आणि धोक्याच्या कामांत लावण्यास मनाई केली. १९५६ साली स्त्रियांच्या आणि मुलींच्या अनैतिक व्यापाराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला, १९७६ साली वेठबिगारीच्या निर्मूलनाचा कायदा झाला. तेव्हा कायद्यांची वाण आपल्याकडे कधी नव्हती. वाण होती आणि आहे ती कायदा व माणूस यांच्यामधील अंतर ओलांडणाऱ्या हातांची.

वाराणसीच्या परिसरातच हे अंतर का दिसावे, याला कारणे आहेत. शहराच्या पश्चिमेस भदोही आणि मिर्झापूर हा गालिच्यांचा पट्टा आहे. भदोही हा १९९४ सालापर्यंत वाराणसी जिल्ह्याचाच भाग होता. येथील हाताने विणलेले गालिचे युरोप-अमेरिकेच्या दिवाणखान्यांत जातात. माग मात्र गावोगावच्या झोपड्यांत असतात, आणि एके काळी त्या मागांपुढील खड्ड्यांत मोठ्या संख्येने मुले बसलेली असत. त्यांतील कितीतरी बिहारच्या दुष्काळी आणि आदिवासी मुलखातून आणलेली होती. लहान बोटांनी गाठ बारीक बसते, असे त्याचे समर्थन केले जाई. वस्तुतः उत्तम नक्षीचा बारीक गालिचा विणतो तो वर्षानुवर्षे हात बसलेला प्रौढ कारागीर. मूल मागावर बसते ते बोटे लहान म्हणून नव्हे, तर त्याची मजुरी लहान म्हणून, आणि त्याला उलट बोलता येत नाही म्हणून.

बंधुआ मुक्ती मोर्चा या संघटनेने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. तेव्हा न्यायालयाने प्रेमभाई या कार्यकर्त्यांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची नेमणूक करून वाराणसी, मिर्झापूर, जौनपूर, अलाहाबाद येथील गालिच्यांच्या कारखान्यांची प्रत्यक्ष पाहणी करविली. १९९७ सालच्या निर्णयात न्यायालयाने एक व्यवहारी सत्य सांगितले. मुलांना एकदम कामावरून काढून टाकल्याने प्रश्न सुटत नाही. शिक्षण, आरोग्य, पोषक आहार आणि आईबापांच्या मिळकतीची सोय झाली नाही, तर ते मूल याहून वाईट ठिकाणी जाऊन पडेल. याच सुमारास, १९९४ साली, कैलाश सत्यार्थी आणि त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नांतून ‘रगमार्क’ ही खूण अस्तित्वात आली. ज्या मागांवर मुले नाहीत, त्यांच्या गालिच्यांवर क्रमांक असलेली खूणपट्टी लावावयाची, आणि न कळवता मागांची तपासणी करावयाची, अशी ही योजना होती. पुढे २००९ पासून ती ‘गुडवीव्ह’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे मर्म सोपे आहे. मागाच्या खड्ड्यातील मूल गिऱ्हाइकाला दिसत नाही. ते दिसू लागले, की गिऱ्हाइकाच्या हातातील पैसा अडखळतो.

वाराणसीचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे रेल्वे. पूर्वी मुघलसराय आणि २०१८ पासून पंडित दीनदयाल उपाध्याय असे नाव असलेले जंक्शन हे पूर्वेकडून दिल्ली-मुंबईकडे जाणाऱ्या मार्गावरील एक मोठे नाके आहे. बिहार, झारखंड, बंगाल येथून मजुरीसाठी निघालेल्या मुलांचे जथे याच फलाटांवरून पुढे सरकतात. शहराच्या दुसऱ्या टोकास मंडुवाडीह स्थानक होते; २०२१ साली त्याचे ‘बनारस’ असे नामकरण झाले. त्याच्या जवळ शिवदासपूर ही वेश्यावस्ती. तेथे अजीत सिंह यांनी स्थापन केलेली ‘गुडिया’ ही संस्था दीर्घकाळ काम करीत आली आहे. वस्तीतील स्त्रियांच्या मुलांसाठी शिकवण्याचे केंद्र चालवणे, अल्पवयीन मुलींची सुटका घडवून आणणे, आणि त्यानंतर न्यायालयात आरोपींच्या जामिनाला विरोध करणे, साक्षीदारांना धीर देणे, असे त्या कामाचे स्वरूप आहे. यांपैकी शेवटचे काम सर्वांत कमी दिसणारे आणि सर्वांत अधिक मोलाचे आहे. छापा एका रात्रीत होतो. खटला मात्र वर्षानुवर्षे चालतो, आणि त्या वर्षांत साक्षीदार मुलीच्या दारात कोण कोण येऊन जाते, याची नोंद कोठेच होत नसते.

हे सगळे दूरच्या मुलखातले आहे, असे समजून आपण निर्धास्त राहू नये. पेशगी या शब्दाला मराठीत उचल म्हणतात. ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत घरातली पोरेही फडात राबतात, शाळेच्या हजेरीपटावरून त्यांची नावे गळतात, हे मराठवाड्यातील गावांना नवीन नाही. २०२२ साली नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात एका कातकरी मुलीच्या मृत्यूनंतर उघडकीस आले, की तेथील कातकरी मुले अल्पशा रकमेच्या आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबावयास ठेवलेली होती. मुलाच्या आयुष्याची किंमत एक मेंढी! भदोहीचा माग आणि इगतपुरीचा कळप यांत शेकडो कोसांचे अंतर आहे, परंतु व्यवहार एकच आहे. घरात उपास, गावात काम नाही, आणि दारात ओळखीचा माणूस रोख पैसे घेऊन उभा.

आता सुटका झाल्यानंतरच्या वाटेकडे वळू. सुटका झालेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे, असे २०१५ चा बालन्याय कायदा सांगतो. प्रथम त्याचे वय ठरवावे लागते. त्यासाठी आधी शाळेचा दाखला, तो नसल्यास नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी, असा क्रम आहे. व्यापाऱ्यांनी मुलीला आपले वय वीस वर्षे सांगावयास शिकवलेले असते. म्हणून हा क्रम महत्त्वाचा. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा जागी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा. त्याला न्यायालयात वारंवार बोलावू नये. साक्ष देताना आरोपी त्याच्या नजरेसमोर येऊ नये, असे २०१२ चा कायदा म्हणतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यापुढे एक पाऊल टाकले. दूरच्या प्रांतात परतलेल्या मुलाला साक्षीसाठी पुन्हा त्याच शहरात नेण्याऐवजी त्याच्या जिल्ह्यातूनच दूरचित्रसंवादाने त्याची साक्ष नोंदविण्याची कार्यपद्धती न्यायालयाने मान्य केली. बिहारमधील एखाद्या मुलाला साक्षीसाठी पुन्हा वाराणसीचा प्रवास करावयास लावणे म्हणजे जखमेवरची खपली काढणे होय.

या बाबतीत मुंबईने देशाला काही दिले आहे, याचा आपल्याला अभिमान वाटावा. कामाठीपुऱ्यात १९८६ सालापासून काम करणाऱ्या ‘प्रेरणा’ या संस्थेने १९८८ मध्ये वस्तीतील मुलांसाठी रात्रीचे निवारा-केंद्र सुरू केले. रात्री आई धंद्यावर असताना मूल कोठे असते, या एका प्रश्नातून ते केंद्र जन्मले. याच संस्थेच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ साली ठरवून दिले, की सुटका झालेल्या अल्पवयीन मुलीचा प्रश्न बालकल्याण समितीनेच हाताळावा, आणि जो वकील कुंटणखान्याच्या चालकाची बाजू मांडतो, त्याला त्याच प्रकरणात सुटका झालेल्या मुलींच्या वतीने उभे राहता येणार नाही. ही गोष्ट ऐकताना साधी वाटते. पण जो मुलीला विकत घेतो तोच तिला ‘सोडवावयास’ वकील पाठवतो, आणि तिचे ‘नातेवाईक’ही तोच उभे करतो, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या निर्णयाचे मोल कळते. म्हणूनच मुलीला घरी पाठवण्यापूर्वी त्या घराची चौकशी करणे आवश्यक असते. ज्या घरातून ती विकली गेली, त्याच घरात तिला परत सोडणे म्हणजे पुनर्वसन नव्हे.

येथे एक विवेक सांभाळला पाहिजे. अल्पवयीन मुलाच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु प्रौढ स्त्रीच्या बाबतीत तिचे म्हणणे ऐकून न घेता तिला संरक्षणगृहात डांबणे, हेही एक प्रकारचे बंधनच आहे. आपल्या इच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या प्रौढ स्त्रियांना छाप्यात अटक करू नये, त्यांचा छळ करू नये, घटनेने दिलेली प्रतिष्ठा त्यांनाही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले. उपकार म्हणून लादलेल्या सुटकेतून माणूस पहिल्या संधीस पळून जातो. आणि मग आपण म्हणतो, की या लोकांना सुधारावयाचेच नसते.

संरक्षणगृहांचा इतिहास आपल्याकडे उज्ज्वल आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन सुरू केले, आणि पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो निराधार मुली आणून त्यांना आसरा दिला. १८९६ साली महर्षी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. या तिन्ही ठिकाणी एक समान सूत्र होते. आसरा मागणारीला कोणी पतित मानले नाही, आणि आसऱ्याबरोबर शिक्षण दिले, ज्याच्या बळावर ती पुढे स्वतःच्या पायांवर उभी राहील. उलटपक्षी, २०१८ साली बिहारमधील मुझफ्फरपूर येथील बालिकागृहात जे उघडकीस आले, ते या सूत्राचा पूर्ण विपर्यास होता. ज्या घरात मुलींना रक्षणासाठी ठेवले, तेथेच त्यांच्यावर अत्याचार झाले होते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पथकाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणातून ही गोष्ट बाहेर आली, आणि २०२० साली आरोपींना शिक्षा झाल्या. त्या पथकाने मुलींशी बोलण्याचे साधे काम केले होते. कागदोपत्री तपासण्या तेथे पूर्वीही होत असतील. पण मुलींना विचारणे ही खरी तपासणी.

शासनाच्या नोकरीत ज्यांचा काळ गेला, त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. योजना चांगली असूनही ती माणसापर्यंत उशिरा पोहोचली, तर ती न पोहोचल्यासारखीच असते. वेठबिगारीतून मुक्त झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी केंद्राने २०१६ साली सुधारलेल्या योजनेत प्रौढ पुरुषास एक लाख, स्त्रिया व मुले यांना दोन लाख, आणि शोषणाच्या अत्यंत गंभीर प्रकरणांत तीन लाख रुपये अशी तरतूद केली. रक्कम लहान नाही. मात्र मुख्य रकमेचा संबंध आरोपीच्या दोषसिद्धीशी जोडलेला आहे. तत्काळ मिळणारी मदत त्या मानाने अल्प असते. खटला दहा वर्षे चालला, तर दहा वर्षे तो मजूर काय खाणार? तो पुन्हा उचल घेतो, आणि चक्र पुन्हा फिरू लागते. तत्काळ मदत, जिल्हा विधिसेवा प्राधिकरणामार्फत मिळणारी पीडित-भरपाई, शिधापत्रिका, बँकेचे खाते, शाळेतील प्रवेश, या गोष्टी पहिल्या काही आठवड्यांत झाल्या, तर माणूस तगतो. त्या एकेका कार्यालयातून एकेका वर्षाने झाल्या, तर फाइल पूर्ण होते आणि माणूस हरवतो.

उपजीविकेबद्दलही थोडे बोलले पाहिजे. सुटका झालेल्या मुलीला शिवणयंत्र द्यावे, लोणची-पापड शिकवावे, ही आपली ठराविक कल्पना. जिला शिवण आवडते, तिने ते अवश्य शिकावे. पण बाजारात ज्याला मागणी नाही असे कौशल्य शिकवून आपण तिला अर्ध्या पोटाच्या मिळकतीवर सोडून देतो. तिला काय व्हावयाचे आहे, हे विचारावे. परिचारिका, संगणकावरील काम, वाहनचालन, दुकानदारी, जे तिच्या गावात किंवा शहरात खरोखर चालते ते शिकू द्यावे. त्याहून अवघड काम मनाचे. अशा मुलांना रात्री झोप लागत नाही, मोठ्या आवाजाने ती दचकतात, कोणावर विश्वास ठेवत नाहीत, मदत करणाऱ्यावरच संतापतात. याला कृतघ्नपणा समजू नये. ज्याच्यावर विश्वास टाकला त्यानेच विकले, तर विश्वास ही वस्तूच त्याला महाग पडलेली असते. म्हणून ‘तू गेलीसच का?’ हा प्रश्न विचारू नये. तिने तो स्वतःला हजार वेळा विचारलेला असतो.

शेवटी, हे घडूच नये म्हणून काय करता येईल? अनोळखी माणसापासून सावध राहा, एवढा उपदेश पुरेसा नाही, हे आपण वर पाहिलेच. गावातून मूल नाहीसे होण्यापूर्वी ते शाळेतून नाहीसे होते. पंधरा दिवस गैरहजर असलेल्या मुलाच्या घरी शिक्षकाने जाऊन यावे. कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्यांची ग्रामपंचायतीने नोंद ठेवावी, आणि कोणाबरोबर, कोठे, कोणत्या कामावर, हे तीत लिहावे. हुंडा न मागता दूरच्या प्रांतातील स्थळ चालून आले, तर आनंदाआधी चौकशी करावी. फलाटावर एखादा माणूस पाच-सहा मुलांना घेऊन बसला असेल, मुलांना गाव सांगता येत नसेल किंवा ती त्याच्याकडे पाहून उत्तर देत असतील, तर रेल्वे संरक्षण दलाच्या शिपायाला सांगावे. या दलाने मुलांच्या सुटकेसाठी विशेष मोहिमा हाती घेतल्या आहेत. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक १९९६ साली मुंबईतूनच सुरू झाला. तो आणि ११२ हे दोन क्रमांक प्रत्येक घरातील मुलाला पाठ असावेत.

आपली मुले शिकलेली आहेत, तेव्हा ती सुरक्षित आहेत, असेही कोणी मानू नये. संगणकावरील चांगल्या पगाराच्या नोकरीची जाहिरात पाहून थायलंडला निघालेले तरुण म्यानमारच्या सीमेवरील बंदिस्त वसाहतींत जाऊन पडले. त्यांची पारपत्रे काढून घेतली गेली, आणि त्यांना दूरध्वनीवरून व संगणकावरून लोकांना लुबाडण्याच्या कामास जुंपण्यात आले. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने वायुदलाच्या विमानांतून अशा पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणले. गालिच्याच्या मागाची जागा संगणकाने घेतली, एवढाच काय तो फरक. परदेशी नोकरीसाठी निघण्यापूर्वी भरती करणाऱ्या दलालाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी आहे किंवा नाही हे पाहावे, पर्यटनाच्या परवान्यावर नोकरीस जाऊ नये, आणि पारपत्राची प्रत घरी ठेवावी. एवढी सावधगिरी शिकलेल्या घरांनी तरी पाळावी.

वाराणसीच्या त्या प्रकरणात रस्त्यावर राहणाऱ्या आईबापांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, तेव्हा त्यांची दाद लागली. प्रत्येक मुलामागे अशी चिवट माणसे असतातच असे नाही. ज्याच्यामागे कोणी नाही, त्याच्यामागे शासनाने उभे राहावयाचे असते. आणि शासन म्हणजे शेवटी गावचा शिक्षक, तलाठी, ठाण्यातील हवालदार, समितीचा सदस्य आणि न्यायालयातील सरकारी वकील. यांच्याइतकेच काम शेजाऱ्यांचेही आहे. आपल्या आळीत, आपल्या वाडीत असे एखादे मूल परत येईल, तेव्हा त्याच्या आईला दोष न देता, त्याच्या पाठीमागे कुजबुज न करता, आपल्या मुलांना त्याच्याबरोबर शाळेत पाठवावे आणि खेळू द्यावे. ते मूल दुसऱ्यांदा विकले जाऊ नये, यासाठी एवढा आधार त्याला शेजाराने द्यावयास हवा, आणि तो देण्यासाठी कोणत्याही कार्यालयाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.